दातांत धरलेला पट्टा

व्यापार सुरळीत चालू असतो तेव्हा पेढीचा मालक कसा आहे, हे फारसे कळत नाही. माल येतो, माल जातो, उधारी वसूल होते, नोकरांचे पगार वेळेवर होतात आणि सगळेच एकमेकांशी गोड बोलतात. पेढी बुडाली की मात्र पहिल्या चार दिवसांतच माणसाची पारख होते. कोणी आधी घरातले दागिने सुरक्षित जागी हलवतो, कोणी सावकारांना तोंड चुकवतो, तर एखादाच असा निघतो की जो सर्वप्रथम विचारतो, वीस वर्षे गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या मुनिमाचे आता काय होणार?

समुद्रात बोट बुडते तेव्हाही कप्तानाची अशीच पारख होते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात घडलेली अशी एक घटना जगप्रसिद्ध आहे. तिचा नायक पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून ती अधिक गाजली. परंतु ते पद क्षणभर बाजूला ठेवून पाहिले तरी तिचे मोल उणे होत नाही. उलट, सर्वस्व बुडाल्यावर माणसाने पहिली जबाबदारी कोणती उचलावी, याचा धडा तिच्यात अधिक स्पष्ट दिसतो.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस सॉलोमन नावाचा द्वीपसमूह आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात तेथील एकेका बेटासाठी अमेरिका आणि जपान यांच्यात निकराची झुंज चालली होती. जपानी विनाशिका रात्रीच्या अंधारात आपल्या बेटांवर सैनिक आणि रसद पोहोचवीत आणि उजाडण्यापूर्वी परत फिरत. त्यांना अडविण्यासाठी अमेरिकी नौदलाने लहान, वेगवान पाणतीर-बोटी ठेवल्या होत्या. ऐंशी फूट लांबीच्या या बोटी लाकडाच्या होत्या. त्यांच्या टाक्यांत विमानासाठी वापरतात तसले ज्वालाग्राही पेट्रोल भरलेले असे. वेग हेच त्यांचे चिलखत. पोलादी विनाशिकेपुढे अशी बोट म्हणजे आगगाडीपुढे बैलगाडी.

यांपैकी पीटी-१०९ या बोटीचे कप्तान होते लेफ्टनंट जॉन केनेडी. वय अवघे सव्वीस. त्यांचे वडील जोसेफ केनेडी हे बॉस्टनचे नामांकित धनिक. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते एका बँकेचे अध्यक्ष झाले, शेअर बाजारात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली, अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रण आयोगाचे ते पहिले अध्यक्ष होते आणि पुढे ब्रिटनमध्ये राजदूतही होते. अशा घरातला मुलगा युद्धात मागे, सुरक्षित कचेरीत राहिला असता तर कोणी आश्चर्य केले नसते. त्यातून जॉन यांची पाठ अधू होती. त्या दुखण्यामुळे ते वैद्यकीय तपासणीत आधी नापासही झाले होते. श्रीमंत घरे अशा वेळी ओळखीपाळखी वापरून मुलाला रणांगणापासून दूर ठेवतात. येथे उलट घडले. नौदलात प्रवेश मिळावा आणि पुढे प्रत्यक्ष आघाडीवर जाता यावे, म्हणून या मुलाने घरच्या ओळखी वापरल्या.

१ ऑगस्ट १९४३ च्या रात्री रेंडोव्हा येथील तळावरून पंधरा पाणतीर-बोटी निघाल्या. जपानी विनाशिकांना गाठण्याचा त्यांचा बेत त्या रात्री पार फसला. पाणतीर सोडले गेले, पण एकही लागला नाही. बऱ्याचशा बोटी तळाकडे परतल्या. पीटी-१०९ मात्र आणखी दोन बोटींसह ब्लॅकेट सामुद्रधुनीत गस्त घालीत राहिली. चंद्र नव्हता. पाण्यावर उमटणारा फेसाळ माग शत्रूच्या विमानांना दिसू नये, म्हणून तीनपैकी एकाच इंजिनावर बोट संथ चालली होती. २ ऑगस्टच्या पहाटे अडीचच्या सुमारास अंधारातून एक प्रचंड आकृती अंगावर आली. ती आमागिरी ही जपानी विनाशिका होती. बोट वळविण्याइतकाही अवधी मिळाला नाही. विनाशिकेच्या पोलादी नाळेने पीटी-१०९ चिरून टाकली. पेट्रोलचा भडका उडाला आणि भोवतालचे पाणीच पेटले.

बोटीवर तेरा जण होते. हॅरोल्ड मार्नी आणि अँड्र्यू कर्कसी हे दोघे पुन्हा दिसले नाहीत. सोबत्यांनी अंधारात त्यांना बराच वेळ हाका मारल्या, पण उत्तर आले नाही. उरलेले अकरा जण जिवंत होते. त्यांपैकी काही जण बोटीच्या तरंगत राहिलेल्या पुढच्या भागाला धरून होते, तर काही जण तेलाच्या तवंगात इकडेतिकडे विखुरले होते.

त्यांतले सर्वांत गंभीर जखमी होते पॅट्रिक मॅकमहन. वय सदतीस. बोटीवरच्या पोरसवदा खलाशांत ते वडीलधारे वाटत. टक्कर झाली तेव्हा ते इंजिनघरात होते. आगीचा लोळ त्यांच्यावर आला, त्याच क्षणी ते पाण्याखाली ओढले गेले आणि वर आले ते पेटत्या पाण्यात. त्यांचा चेहरा, हात आणि दंड होरपळून निघाले होते. हात हलविणेही त्यांना शक्य नव्हते. केनेडी बोटीच्या सांगाड्यावरून पुन्हा पाण्यात उतरले आणि आवाजाच्या रोखाने पोहत त्यांच्यापर्यंत पोहोचले. आपले आता काही खरे नाही, आपल्याला सोडून द्यावे, अशा अर्थाचे मॅकमहन यांनी सांगून पाहिले. केनेडी यांनी ते मानले नाही. त्यांना ओढत ते सांगाड्याकडे आले. तेवढ्यात पायाला दुखापत झालेला आणखी एक खलाशी मागे पडला होता. त्यालाही आणण्यासाठी ते पुन्हा गेले. दुय्यम अधिकारी लिओनार्ड थॉम यांनीही पेट्रोलच्या वाफांनी गुदमरलेल्या एका सोबत्याला वाचविले. पहाटेपर्यंत सारे अकरा जण एकत्र आले.

दिवस उजाडला आणि आपण कोठे आहोत, हे सर्वांना कळले. जवळच्या मोठ्या बेटांवर जपानी ठाणी होती. कोणीही दुर्बीण लावली असती तर ते सहज दृष्टीस पडले असते. सुटकेसाठी बोट येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, परंतु कोणी आले नाही. पेटलेली ज्वाला दुरून पाहणाऱ्यांनी सगळे संपले, असे गृहीत धरले होते.

शत्रू आला तर लढायचे की शरण जायचे, हा प्रश्न केनेडी यांनी स्वतः निकालात काढला नाही. त्यांनी सोबत्यांना विचारले. तुमच्यापैकी अनेकांना संसार आहेत, काहींना मुले आहेत, मला मात्र गमावण्यासारखे काही नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेव्हा ते अविवाहित होते. मागे कोट्यधीश बाप उभा असलेल्या तरुणाने हे म्हणावे, याकडे लक्ष दिले पाहिजे. त्या पाण्यात वडिलांच्या संपत्तीची किंमत शून्य होती, हे त्यांनी जाणले होते. तेथे हिशेबात धरण्याजोगी एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे अकरा जीव.

दुपारपर्यंत सांगाडा आणखी कलला. आता तो सोडणे भाग होते. केनेडी यांनी मोठी बेटे टाळली आणि सुमारे साडेतीन मैलांवरचे एक लहानसे निर्जन बेट निवडले. तेथे जपानी असण्याची शक्यता कमी होती. सर्वांना नीट पोहता येत नव्हते. बोटीवर तोफ बसविण्यासाठी वापरलेली एक तुळई हाताशी होती. नऊ जणांनी तिला धरून, पाय मारीत, एकत्र जावे, असे ठरले. कोणी मागे पडू नये, हा त्यामागचा हेतू. तिच्यावर थॉम आणि दुसरे अधिकारी जॉर्ज रॉस यांनी लक्ष ठेवायचे होते.

मॅकमहन यांना तुळई धरता येणार नव्हती. त्यांचे हात जळले होते. त्यांचा भार केनेडी यांनी स्वतःकडे घेतला. मॅकमहन यांच्या जीवरक्षक जाकिटाचा लांब पट्टा सोडवून त्याचे टोक त्यांनी दातांत घट्ट धरले. मॅकमहन पाठीवर तरंगत होते आणि केनेडी छातीच्या बळावर पाणी कापीत पुढे जात होते. केनेडी महाविद्यालयात असताना हार्वर्डच्या पोहण्याच्या संघात होते. ते शिक्षण त्या दिवशी कामी आले. परंतु तोंड बंद करता येत नसल्याने खारे पाणी सतत घशात जात होते. अधू पाठ, रात्रभराचे जागरण, पोटात अन्न नाही आणि दातांत एका प्रौढ माणसाचे वजन. काही अंतर कापावे, थोडे थांबावे, पुन्हा निघावे, असे करीत सुमारे चार तासांनी ते बेटाला लागले. वाळूवर पोहोचल्यावर त्यांना उलट्या झाल्या. उठून उभे राहण्याचेही बळ उरले नव्हते. मॅकमहन मात्र जिवंत होते आणि मागोमाग तुळईवरचे नऊही जण पोहोचले.

येथपर्यंतचा पराक्रम चित्रपटात शोभेल असा आहे, आणि पुढे त्यावर चित्रपट निघालाही. परंतु या प्रसंगाची खरी कसोटी नंतरच्या दिवसांत लागली. एका झेपेत जीव धोक्यात घालणे अवघड असतेच, पण थकलेल्या शरीराने दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तीच जबाबदारी वाहणे त्याहून अवघड असते.

त्याच संध्याकाळी, अंगात त्राण नसताना, केनेडी पुन्हा पाण्यात उतरले. दक्षिणेकडील फर्ग्युसन खाडीतून आपल्या बोटी गस्तीला जातात, हे त्यांना ठाऊक होते. गळ्यात पिस्तूल अडकवून आणि हातात कंदील घेऊन ते प्रवाळाच्या खडकांवरून ठेचकाळत, पोहत, खोल पाण्यात गेले. एखादी बोट दिसली तर कंदिलाने खूण करायची होती. त्या रात्री बोटी दुसऱ्याच बाजूला गेल्या होत्या. परतताना समुद्राच्या ओढीने त्यांना भलतीकडे नेले. दुसऱ्या दिवशी ते बेटावर परतले तेव्हा अक्षरशः गळून पडले. पुढच्या रात्री रॉस यांनी तोच प्रयत्न केला. तोही निष्फळ ठरला.

बेटावर अन्न नव्हते, पिण्याचे पाणी नव्हते. पाऊस पडला तेव्हा त्यांनी पानांवरचे थेंब चाटले. मॅकमहन यांच्या जखमांना औषध नव्हते, स्वच्छ कापडही नव्हते. ४ ऑगस्टला केनेडी यांनी सर्वांना ओलासाना या जरा मोठ्या बेटावर नेण्याचे ठरविले. तेथे नारळाची झाडे होती. पुन्हा तुळई, पुन्हा नऊ जण, आणि पुन्हा मॅकमहन यांच्या जाकिटाचा पट्टा केनेडी यांच्या दातांत. आता हा भार दुसऱ्या कोणी घ्यावा, असे त्यांनी म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे म्हटले नाही.

५ ऑगस्टला केनेडी आणि रॉस जवळच्या नारू बेटावर गेले. तेथे त्यांना जपानी गोळ्यांची एक पेटी, थोडे गोडे पाणी आणि एक छोटी होडी सापडली. ती होडी घेऊन केनेडी रात्री ओलासानाला परतले आणि गोळ्या व पाणी सर्वांत वाटले. तोवर तेथे दोन पाहुणे आलेले होते. बिउकू गासा आणि एरोनी कुमाना हे त्याच द्वीपसमूहातले तरुण मित्रराष्ट्रांसाठी टेहळणी करीत होते. कोलोंबांगारा बेटाच्या डोंगरावर लपून जपानी हालचालींवर नजर ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियन नौदलाच्या आर्थर एव्हन्स यांच्यासाठी ते काम करीत. एव्हन्स यांनी त्या रात्रीची ज्वाला दुरून पाहिली होती.

कागद-पेन्सिलीची चणचण होती. तेव्हा केनेडी यांनी एका नारळावर चाकूने निरोप कोरला. अकरा जण जिवंत आहेत, लहान बोट हवी, ठिकाण या स्थानिक माणसांना ठाऊक आहे, एवढाच त्याचा आशय. तो नारळ आणि थॉम यांनी लिहिलेली एक चिठ्ठी घेऊन गासा आणि कुमाना यांनी होडी हाकारली. रेंडोव्हाचा तळ तेथून सुमारे साठ किलोमीटरवर होता. वाटेतले पाणी जपान्यांच्या ताब्यात. तो नारळ त्यांच्याजवळ सापडला असता तर छळ आणि मृत्यू ठरलेला होता. ही माणसे कोणत्याही देशाच्या गणवेशात नव्हती. ज्या अकरा जणांसाठी ते जीव पणाला लावीत होते, ते त्यांच्या गावचे नव्हते, भाषेचे नव्हते, वर्णाचे नव्हते. तरीही ते गेले आणि निरोप पोहोचला.

७ ऑगस्टला काही बेटवासी एका मोठ्या होडीतून ओलासानाला अन्न घेऊन आले. परतताना केनेडी यांना त्यांनी होडीच्या तळाशी निजवून वर झावळ्या पांघरल्या आणि एव्हन्स यांच्याकडे नेले. तेथे सुटकेची योजना ठरली. ८ ऑगस्टच्या पहाटे दुसरी एक पाणतीर-बोट ओलासानाला आली आणि अकराही जण तळावर परतले. मॅकमहन वाचले, आणि युद्धानंतर त्यांना दीर्घ आयुष्यही लाभले.

अहिंसा हा ज्या घरांचा कुलधर्म आहे, त्या घरांत युद्धकथा कशाला वाचायची, असा प्रश्न येथे कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर या घटनेच्या गौरवातच आहे. केनेडी यांना या प्रसंगासाठी जे मुख्य पदक मिळाले, ते नौदल आणि मरीन दलाचे पदक होते. शत्रूशी प्रत्यक्ष लढताना नव्हे, तर त्याव्यतिरिक्त दाखविलेल्या शौर्यासाठी, विशेषतः दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी, ते दिले जाते. थॉम आणि रॉस यांनाही तेच मिळाले. त्या रात्री पीटी-१०९ ने शत्रूचा एकही सैनिक मारला नाही, एकही जहाज बुडविले नाही. लढाईच्या हिशेबात ती रात्र निव्वळ तोट्याची होती. इतिहासात जमा झाली ती वाचविलेल्या जिवांची बाजू.

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. त्यांत अभयदान श्रेष्ठ मानले जाते, कारण जिवापेक्षा प्रिय असे कोणालाच काही नसते. ओलासानावरच्या त्या दिवसांत औषध द्यायला जवळ नव्हते, आहार म्हणजे नारळ आणि थोड्या गोळ्या. देता येण्याजोगे उरले होते ते अभयच. तुला आम्ही सोडून जाणार नाही, हे आश्वासन जळालेल्या माणसाला त्याच्या कप्तानाने शब्दांनी फारसे दिले नाही. ते दिले त्या ताणलेल्या पट्ट्याने. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याचा समावेश आहे. हा शब्द मुख्यतः साधू-साध्वींच्या सेवेसाठी योजला जातो आणि त्यांतही ग्लान, म्हणजे आजारी, साधूची सेवा विशेष मानली जाते. उपवास आणि आयंबिल यांच्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व शास्त्रकारांनी या सेवेला का दिले असेल, हे अशा प्रसंगांवरून उमगते. उपवासात स्वतःच्या देहाला आवरायचे असते. रुग्णसेवेत स्वतःचा देह दुसऱ्याच्या उपयोगाला द्यायचा असतो.

आता या घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जमाखर्च मांडायचा तर दोन्ही बाजूंचा. एवढी चपळ बोट एखाद्या विनाशिकेच्या वाटेत सापडलीच कशी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि नंतरही. पहारा ढिला होता काय, एकच इंजिन चालू ठेवणे चुकले काय, यावर आजही मतभेद आहेत. दोन माणसे गेली, हे सत्य कोणत्याही पदकाने पुसले जात नाही. केनेडी स्वतःही या शौर्याचा डंका पिटीत नसत. आपण वीर कसे झालात, असे कोणी विचारले तर, आपला काही इलाज नव्हता, शत्रूने बोट बुडविली, असे ते हसत सांगत. या थट्टेमागे एक सरळ कबुली आहे. शौर्याची ती संधी एका अपयशातून आली होती.

परंतु तोटा कोणाच्या चुकीने झाला, याची चौकशी नंतर होते. ती व्हायलाही हवी. तोटा झाल्याच्या पहिल्या तासात मात्र चौकशीला वेळ नसतो. त्या तासात एवढेच पाहायचे असते की, आपल्या भरवशावर असलेल्यांपैकी सर्वांत असहाय कोण आहे आणि त्याचा भार कोण घेणार. केनेडी यांचा मोठेपणा त्या उत्तरात आहे. त्यांनी तो भार वाटून दिला नाही, हाताखालच्या माणसावर सोपविला नाही, आणि परतल्यावर घरीही गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्या बोटीची जबाबदारी मागून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शॉइझल बेटावर जपान्यांनी घेरलेल्या मरीन सैनिकांना बाहेर काढण्यासाठी त्यांची ही दुसरी बोट गेली. त्या सुटकेत गंभीर जखमी झालेल्या एका सैनिकाला केनेडी यांच्या स्वतःच्या बिछान्यावर निजविले होते. तो सैनिक तेथेच मरण पावला. प्रत्येक वेळी जीव वाचतोच असे नाही. म्हणून आपला बिछाना देणे व्यर्थ ठरत नाही.

आणि कीर्तीचे काय? जॉन हर्सी या लेखकाने १९४४ मध्ये या प्रसंगावर लिहिलेला लेख गाजला. केनेडी राजकारणात उतरले तेव्हा जोसेफ केनेडी यांनी त्या लेखाच्या प्रती मोठ्या प्रमाणावर छापून मतदारांत वाटविल्या. मालाची किंमत ओळखणाऱ्या बापाने मुलाच्या गुणाचीही बाजारात किंमत वसूल केली, असे म्हणावे लागेल. निरोपाचा तो नारळ पुढे लाकडात मढवून राष्ट्राध्यक्षांच्या मेजावर ठेवला गेला. आज तो बॉस्टन येथील केनेडी यांच्या स्मारक-ग्रंथालयात आहे.

पण तो नारळ ज्या दोघांच्या हातांतून साठ किलोमीटर गेला, त्या गासा आणि कुमाना यांच्या वाट्याला कीर्ती फार उशिरा आणि फार थोडी आली. केनेडी त्यांना विसरले नव्हते. १९६१ च्या शपथविधीला त्यांना बोलावणेही होते, मात्र ते दोघे तेथवर पोहोचू शकले नाहीत. पाणतीर-बोटीचे अवशेष शोधण्यासाठी २००२ मध्ये मोहीम निघाली तेव्हा जगाला त्यांची पुन्हा आठवण झाली. गासा २००५ मध्ये आणि कुमाना २०१४ मध्ये निवर्तले. तोवर ते आपल्या बेटांवर साधे जीवनच जगले. गुप्तदानाची महती ज्यांना लहानपणापासून सांगितली जाते, त्यांनी केनेडी यांच्या बरोबरीने ही दोन नावेही मुलांना सांगावीत.

क्षमापनेची परंपरा असलेल्या वाचकांना आणखी एक गोष्ट भावेल. आमागिरीचे कप्तान कोहेई हानामी यांनी युद्धानंतर, १९५२ मध्ये, केनेडी यांना पत्र लिहिले आणि त्यांना शुभेच्छा दिल्या. ज्या माणसाच्या जहाजाने आपली बोट चिरली, आपली दोन माणसे नेली, त्याच्याशी केनेडी यांनी स्नेह राखला. नऊ वर्षांपूर्वी एकमेकांचे प्राण घ्यायला निघालेले दोन कप्तान पत्राने भेटले. वैर संपविण्यासाठी कोणीतरी पहिले पत्र लिहावे लागते.

आज व्यापारी घरांतली तरुण पिढी वडिलांच्या गादीवर बसते तेव्हा तिला हिशेब, कर, उधारी आणि नफ्याचे शिक्षण पुष्कळ मिळते. वाईट दिवस आला तर काय करायचे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. बाजार कोसळतो, गोदामाला आग लागते, भागीदार हात वर करतो. अशा दिवशी पेढीच्या मालकाच्या भोवतीही दहा-बारा माणसे पाण्यात असतात. त्यांतले काही जण हातपाय मारून कोठेतरी पोहोचतात. त्यांना एखादी तुळई, म्हणजे दोन महिन्यांचा पगार, एखादे शिफारसपत्र, एवढे पुरते. परंतु एखादा मॅकमहनही असतोच. वय उतरलेला मुनीम, मालाखाली सापडून हात अधू झालेला हमाल, गोदामातच आयुष्य गेलेला पहारेकरी. त्याला तुळई धरता येत नाही. त्याच्यासाठी मालकाला स्वतःच पाण्यात उतरावे लागते.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ आणि लाभ ही दोन अक्षरे लिहिली जातात. यंदा ती लिहिताना, पेढीवर अवलंबून असलेल्यांत स्वतःच्या बळावर पोहू न शकणारा कोण आहे, त्याचे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांना एकदा जरूर विचारावे. मुलाला ते नाव सांगता आले, तर ती पेढी योग्य हातांत आहे.